आपल्या विहिरीत दिसणारा ज्वालामुखी



चैत्र-वैशाखात विहिरीनं तळ गाठला की आपण सगळेच काठावर उभे राहून खाली बघतो. पाणी किती उरलं, मोटार किती वेळ चालेल, एवढंच तेव्हा डोक्यात असतं. यंदा मात्र एक करा. पाणी बघून झालं की जरा विहिरीच्या अंगाकडं बघा. बांधकामाकडं नव्हे, त्याच्या खाली जिथं खडक उघडा आहे तिथं. विहीर भोकरदनची असो, जाफराबादची असो की सिल्लोडची, थोड्याफार फरकानं चित्र एकच दिसेल. वर काळी माती. ती नदीकाठाला परसभर असेल आणि माळावर वीतभरसुद्धा नसेल. तिच्याखाली चुनखडीची पांढुरकी माती किंवा पिवळसर मुरूम. मग भोकं-भोकं पडलेला, पहारीला दाद देणारा खडक, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. त्याच्याखाली काळा पाषाण. त्याला सुरुंगाशिवाय कुणी हात लावत नाही. आणि पुष्कळ विहिरींत दोन खडकांच्या मध्ये एक तांबडा पट्टा असतो, गेरूसारखा. ओला असताना बोट फिरवलं तर बोटाला रंग लागतो.

हे थर कसे पडले ते आज सांगायचं आहे. ही हकीकत राजेरजवाड्यांची नाही, पण इतिहासच आहे. तिचा संबंध आपल्या पिकाशी आहे, पाण्याशी आहे, आणि आपण रात्री ज्या छपराखाली निजतो त्याच्याशीही आहे.

तो काळा पाषाण एके काळी पातळ होता. गुऱ्हाळात काहिलीतला पाक वाफ्यात ओततात तसा तो जमिनीच्या पोटातून वर आला, पसरला आणि निवला. गूळ निवताना पाहिला असेल तर पुढचं लगेच ध्यानात येईल. वरच्या अंगाला बुडबुडे राहतात, मधला भाग घट्ट होतो. खडकाचंही तसंच झालं. तप्त रसातला वायू वर निघू पाहत होता आणि वरची साय थिजत होती, त्यामुळं बुडबुडे तिथंच अडकले. तो झाला मांजऱ्या. पोटातला भाग सावकाश निवला, तो झाला पाषाण. पुढं त्या भोकांत पाणी झिरपून पांढरे, हिरवट, चकाकणारे खडे तयार झाले. विहीर खोदताना ते निघाले की पोरं खेळायला घेऊन जातात.

एक थर निवल्यावर पुढचा लगेच आला असं नाही. मध्ये मोठा काळ गेला. उन्हापावसानं वरचा खडक कुजला, त्याची माती झाली. मग नवा तप्त रस आला, त्यानं ती माती भाजून काढली आणि तिच्यावर पसरला. विहिरीतला तांबडा पट्टा म्हणजे पुष्कळदा ही भाजलेली जुनी माती. एका अर्थी ते आपल्या शेताखालचं शेतच आहे, फक्त ते कसायला तेव्हा माणूस नव्हता.

हे सगळं घडलं सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग, शिवाय मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण आणि कर्नाटकाचा काही भाग मिळून सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर जमिनीवर हा काळा खडक पसरलेला आहे. इंग्रज भूवैज्ञानिकांनी त्याला ‘दख्खन ट्रॅप’ म्हटलं. ट्रॅप हा शब्द स्वीडनच्या भाषेतल्या जिना या अर्थाच्या शब्दावरून आला. भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर आहे, त्याच्या उतारावर एकावर एक पायऱ्या चढल्यासारख्या दिसतात. त्यातली साधारण एकेक पायरी म्हणजे त्या रसाचा एकेक लोट. अजिंठ्याची लेणी याच थरांत कोरलेली आहेत.

आता कुणीही विचारील की एवढा रस ओतणारा ज्वालामुखीचा डोंगर गेला कुठं? चित्रात तर शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या शेंड्यातून धूर असतो. काही जण लोणारच्या तळ्याकडं बोट दाखवतात. पूर्वी जाणकारही लोणार हे ज्वालामुखीचं तोंड समजत असत. पण 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं ते अवकाशातून आदळलेल्या अशनीनं पडलेलं विवर असल्याचं सिद्ध झालं, आणि ते या खडकापेक्षा फार अलीकडचं आहे. खरं असं की आपल्याकडं बराचसा रस डोंगराच्या तोंडातून आलाच नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो उतू गेला. अशी घटना माणसानं एकदा जवळून पाहिलेली आहे. 1783 साली आइसलँड नावाच्या बेटावर लाकी इथं सुमारे 27 किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने तिच्यातून रस वाहत होता. त्या विषारी वायूनं गवत नासलं. बेटावरची निम्म्याहून अधिक जनावरं मेली, आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात पाचातला एक माणूस गेला. आपल्याकडं जे झालं ते याच्या कित्येक हजार पट मोठं होतं.

ते आपल्याकडंच का झालं? पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. ते फार सावकाश सरकतात. आपला तुकडा फार पूर्वी आफ्रिका आणि मादागास्कर यांच्या शेजारी, विषुववृत्ताच्या खाली होता. तिथून सुटून तो उत्तरेला निघाला. वाटेत तो एका अशा जागेवरून गेला जिथं पृथ्वीच्या पोटातून फार उष्णता वर येत होती. चुलीतला जाळ एका जागी आहे आणि वरचा तवा कुणी सरकवत नेतो आहे असं समजा. तवा जाळावर होता तेव्हा दख्खन भाजली गेली. पुढं तवा सरकला, जाळ मागं राहिला. तो जाळ अजून विझलेला नाही. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं बेट आहे, तिथला ज्वालामुखी आजही वरचेवर पेटतो. शेजारचं मॉरिशस बेटही त्याच जाळातून वर आलं. गेल्या शतकाच्या आधी, इंग्रजी अमलात, कोकणातली मराठी माणसं करारावर तिथल्या ऊसमळ्यांत राबायला गेली. त्यांचे वंशज आजही तिथं आहेत. समुद्र ओलांडून ती गेली ती त्याच चुलीजवळ, जिच्या राखेवर त्यांच्या भावकीची शेती इकडं होती.

तेव्हा भोकरदनखाली ज्वालामुखी पुन्हा पेटेल का, या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. चूल हजारो किलोमीटर लांब राहिली. भूकंप झाला की ‘आता ज्वालामुखी फुटणार’ अशी आवई उठते, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

त्या रसाचं देणं मात्र चालूच आहे. खडक कुजून काळी माती झाली. या मातीत चिकणमातीचा अंश फार, म्हणून पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. एकदा भिजली की ओल धरून ठेवते. म्हणून तर परतीचा पाऊस बरा झाला की पुढं थेंब न पडताही रब्बीची ज्वारी निघते. पण याच खडकानं आपलं एक नुकसानही केलं आहे. सह्याद्री म्हणजे याच थरांची पश्चिमेकडची उभी कड. समुद्रावरून येणारे ढग तिला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या वाट्याला सरासरीनं सहाशे-सातशे मिलिमीटर येतो, आणि 1972 सारख्या साली तोही येत नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं अजून गावोगाव आहेत. ती फोडली तीही याच पाषाणाची.

विहिरीबद्दल एवढंच. पाषाणाच्या पोटात पाणी राहत नाही, चिरा असतील तेवढंच. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात, आणि दोन लोटांच्या सांध्यात. तांबडा पट्टा स्वतः फारसं पाणी देत नाही, पण त्याच्या वरच्या सांध्यातून पुष्कळदा पाझर फुटतो. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी आणि आपली कोरडी, असं होतं त्याचं कारण नशीब नव्हे. थर कुठं चढतो कुठं उतरतो, खडक किती कुजलेला आहे, यावर ते असतं. म्हणून नवी विहीर किंवा बोअर घेण्याआधी आसपासच्या चार विहिरींत उतरून कोणता थर किती परसावर लागतो ते लिहून काढा आणि तो कागद घेऊन जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात जा. नारळ हातावर उभा राहतो की आडवा पडतो यावर लाखभर रुपये लावणं मला तरी पटत नाही. आणि चारशे फुटांवर नाही लागलं म्हणून सहाशेवर लागेलच असं या खडकात अजिबात नाही.

आता भोकरदन गावाची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात जागता ज्वालामुखीही आहे आणि भूकंपही.

केळणा नदीच्या काठचं आपलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, हे व्यापाराचं नांदतं गाव होतं. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. 1973 साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथल्या पांढरीत उत्खनन केलं. शां. भा. देव आणि रा. श्री. गुप्ते हे विद्वान त्यात होते. त्या उत्खननात हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा खालचा भाग मिळाला. तुटकी वस्तू, पण ती पाहून अभ्यासकांना एकदम दुसरीच मूर्ती आठवली. ती होती इटलीत.

इटलीत व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी आहे. इसवी सन 79 मध्ये तो फुटला आणि पायथ्याचं पाँपेई शहर राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घरात 1938 साली खोदताना हस्तिदंती मूर्ती सापडली. वीतभराहून थोडी उंच, दागिन्यांनी मढलेली स्त्री आणि दोन अंगांना दोन लहान दासी. घडण सगळी हिंदुस्थानी. लोक तिला पाँपेईची लक्ष्मी म्हणतात, जाणकार ती यक्षी असावी असं म्हणतात. भोकरदनचा तुकडा तिच्याशी इतका जुळतो, आणि तशीच एक मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही मिळाली आहे, की ती पाँपेईची बाई इकडूनच गेली असावी असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे भोगवर्धनच्या बाजूच्या एखाद्या कारागिराची वस्तू बंदरातून जहाजानं रोमी लोकांच्या देशात गेली आणि तिथं ज्वालामुखीच्या राखेत साडेअठराशे वर्षांवर पडून राहिली.

पाँपेईचे लोक तिथं का राहत होते? जमिनीसाठी. ज्वालामुखीच्या मातीत द्राक्षं उत्तम येत. डोंगर बऱ्याच पिढ्या गप्प होता, त्यामुळं त्याचं भय उरलं नव्हतं. फुटण्याच्या सुमारे सतरा वर्षं आधी तिथं मोठा भूकंप झाला होता, घरं पडली होती. लोकांनी ती पुन्हा उभी केली. काहींची डागडुजी तर 79 सालीही चालू होती. त्यांना दोष देता येत नाही. जमीन सोडून जायचं कुठं?

आपल्याकडं आग संपली, पण हादरा संपलेला नाही. आपला भूपट्ट अजून उत्तरेला सरकतोच आहे, वर्षाला साधारण चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन बोटं. पुढं आशियाचा पट्ट आडवा आहे. त्या रेट्यानंच हिमालय उभा राहिला. तो रेटा मागं सबंध तुकड्याला जाणवतो. भरलेली बैलगाडी चढावर रेटताना जे लाकूड आधीच चिरलेलं असतं तेच कडाडतं, तसं. काळ्या खडकाच्या खाली त्याहून फार जुना, लाल-करडा कणीदार दगड आहे. त्यात जुन्या चिरा आहेत. वरच्या काळ्या थरांमुळं त्या आपल्याला दिसत नाहीत.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. सुमारे पावणेदोनशे माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. तिथं धरणात साठलेल्या पाण्याचा त्या हालचालीला हातभार लागला असं शास्त्रज्ञ मानतात. कोयना लांब, सह्याद्रीत. मराठवाडा आपला स्थिर, असंच सगळे धरून चालले होते. तेव्हाच्या सरकारी नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. 1992 च्या उत्तरार्धात तिथं लहान धक्के बसत होते, लोक बाहेर निजत होते. मग ते थांबले, लोक आत गेले. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपलेली. भूकंपाचं मापन निघालं 6.2 ते 6.4. लातूर-उस्मानाबादकडची आठ-दहा हजार माणसं त्या एका पहाटे गेली. पुढं 52 गावं नव्या जागी वसवावी लागली.

एवढ्याच मापाच्या भूकंपात जपानसारख्या देशात सहसा मोजकीच माणसं दगावतात. किल्लारीला इतकी का गेली? ज्यानं तिथली घरं पाहिली त्याला हे सांगावं लागत नाही. दोन-दोन हात जाड भिंती, वाटोळ्या धोंड्यांच्या, चिखलात रचलेल्या. भिंत बाहेरून एक दिसते, पण असते दोन. आतल्या अंगाला एक दर्शनी थर, बाहेरच्या अंगाला दुसरा, आणि मध्ये दगडगोटे नि माती भरलेली. दोघांना धरणारा दगडच नाही. हादरा बसला की भिंतीचं पोट सुटतं, एक थर आत आणि एक बाहेर पडतो. त्याच्यावर माळवद, कुणी धाबं म्हणतात. लाकडावर पसरलेली माती, आणि दरसाल गळू नये म्हणून वर आणखी एक थर. आजोबांच्या वेळची माती खाली, नातवाच्या वेळची वर. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. शेजारीच गवताच्या झोपड्या होत्या, त्या बहुतेक उभ्या राहिल्या. काही वाड्यांत भिंती गेल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा सांध्यांत पक्का होता म्हणून छप्पर वरच थांबलं.

2002 साली नकाशा सुधारला, तो पहिला विभागच काढून टाकला. लातूरचा भाग तिसऱ्यात गेला, आपला जालना दुसऱ्यात राहिला. पण किल्लारीनंतर नकाशावर डोकं ठेवून निजण्यात अर्थ नाही. हिंगोली जिल्ह्यात 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये 4.5 मापाचे धक्के बसले. भूकंप कधी होणार हे आजही कुणाला आधी सांगता येत नाही. कुणी तारीख सांगत असेल तर तो थापा मारतो. घर मात्र आपल्या हातात आहे.

तालुक्यात आता सिमेंटची घरं पुष्कळ झाली. पण गावठाणात, गोठ्यात, मळ्यातल्या खोलीत अजून दगडमातीच्या भिंती आहेत. ज्यांना नवं घर परवडत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नवी दगडी भिंत बांधत असाल तर भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड घाला, आडवे चार फुटांवर, उभे दोन फुटांवर. गवंडी म्हणेल लागत नाहीत. उभं राहून घालून घ्या. धोंडे फोडून चौकट करून घ्या, वाटोळे रचू नका. दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून चारही भिंतींवर एकसंध, सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा फिरवा. कोपऱ्याला लागून खिडकी काढू नका. जुनी भिंत असेल तर सगळी पाडायची गरज नाही. पोट सुटून फुगवटा आलेला तेवढाच भाग उतरवून पुन्हा रचा, आणि बाकी ठिकाणी जागोजागी एकेक दगड काढून आरपार भोक करा, त्यात सळई ठेवून काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतील. हे काम जाणत्याच्या देखरेखीखाली आणि थोडं थोडं करावं, एकदम दहा दगड उपसू नयेत. पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर धोंडे ठेवायची आपली सवय आहे. ते काढून हूक आणि नट-बोल्ट लावा. बाज दगडी भिंतीला टेकवून टाकू नका, मध्यभागी खांबाजवळ टाका.

आणि माळवद असेल तर पावसाळ्याआधी डागडुजी करताना नवी माती टाकण्यापूर्वी खोरं घेऊन जुने थर उतरवा. लाकडाच्या वर किती जाडी साठली आहे ते एका कोपऱ्यात खणून बघा. हातभर निघाली तर सावकाश, दोन्ही बाजूंनी सारखी कमी करा, खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरा आणि वर पातळ थर द्या. निघालेली माती उकिरड्यावर टाकू नका, शेतातल्या खरवडलेल्या पट्टीत पसरा.